नफा दिसतो, पैसा दिसत नाही : कंपनीचं खेळतं भांडवल कसं वाचायचं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



मागचं व्याख्यान संपल्यावर एका आजोबांनी मला जिन्यात गाठलं. त्यांच्याकडे एका कंपनीचे शेअर आहेत, बरीच वर्षं. मला म्हणाले, "हिचा नफा दरवर्षी वाढतोय, मग ही दरवर्षी कर्ज का काढते? नफ्याचे पैसे जातात कुठे?" मी तेव्हा घाईत होतो, काहीतरी उत्तर देऊन निघालो. घरी जाताना लोकलमध्ये वाटलं, अरे, प्रश्न तर फार मोलाचा विचारला त्यांनी. म्हणून आजचं व्याख्यान त्या एका प्रश्नावर.

सुरुवातीलाच सांगतो, आज दोन-तीन कंपन्यांची नावं घेणार आहे. ती समजावण्यापुरती. घ्या किंवा विका असं मी काहीही सांगत नाहीये.

आधी शेअरबाजार बाजूला ठेवू. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रांना तोटा नाही. समजा एका ताईंचं असं केंद्र आहे. महिन्याला तीन लाखांची विक्री, सगळी रोख. खर्च दोन लाख चाळीस हजार. साठ हजार उरतात, त्यात घर चालतं. आता त्यांना एका कंपनीची ऑर्डर मिळाली, रोजचे डबे, महिन्याला आणखी तीन लाखांचे. धंदा दुप्पट! अट एकच : बिल महिनाअखेरीला द्यायचं आणि पैसे त्यानंतर दोन महिन्यांनी मिळणार.

आता हिशेब करा. पहिला चेक हातात पडेपर्यंत तीन महिने डबे पोचवायचे. म्हणजे दोन लाख चाळीस हजार गुणिले तीन, सात लाख वीस हजार रुपये ताईंनी आधी घालायचे. पीठ, तेल, गॅस, बायकांचे पगार, यातलं काही थांबत नाही. वहीत या तीन महिन्यांत ऑर्डरवर एक लाख ऐंशी हजार नफा दिसतोय आणि ताई सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवायला निघाल्यात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नफा खोटा नाही, फक्त तो दुसऱ्याच्या खिशात आहे.

आणि हे पैसे "तात्पुरते" अडकले असं म्हणू नका. जुना चेक येतो तोवर नवं बिल उभं राहिलेलं असतं. ऑर्डर चालू आहे तोवर ते पैसे धंद्यात मुक्कामाला असतात. ऑर्डर वाढली की मुक्कामाचे पैसेही वाढतात. यालाच खेळतं भांडवल म्हणायचं. मला तो शब्द फार आवडतो, कारण पैसा खेळता राहिला पाहिजे हे त्यातच आलं. बसला की गडबड.

आता कंपनीकडे येऊ. पुस्तकातली व्याख्या अशी : चालू मालमत्ता वजा चालू देणी. परीक्षेला ठीक आहे. गुंतवणूकदारानं त्यातून दोन गोष्टी काढून टाकाव्यात असं माझं मत आहे. मालमत्तेतून रोकड आणि बँकेतल्या ठेवी काढा, देण्यांतून बँकेचं अल्पमुदतीचं कर्ज काढा. कारण आपल्याला धंदा किती पैसे खातो ते बघायचंय, ते पैसे कुठून आणले ते नंतर बघू. मग उरतं काय? येणी अधिक मालसाठा वजा पुरवठादारांची देणी. बाकी किरकोळ असतं. ग्राहकाकडे अडकलेले पैसे, गोदामात अडकलेले पैसे, आणि त्यातून वजा, आपण दुसऱ्याचे अडकवलेले पैसे. मी बँकेत तीस वर्षं हेच बघत आलो.

थोडं बँकेबद्दल, कारण तिथली एक फूटपट्टी उपयोगी आहे. छोट्या उद्योगांना कॅश क्रेडिट देताना नायक समितीचा नियम आम्ही वापरायचो : वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागेल असं धरायचं, त्यातले २० टक्के बँकेनं द्यायचे, ५ टक्के मालकानं घालायचे. २५ टक्के म्हणजे तीन महिन्यांची विक्री. नियम ढोबळ आहे, पण डोक्यात ठेवा. दर महिन्याला पार्टी मालसाठ्याचं विवरण पाठवायची आणि आम्ही मधूनच एमआयडीसीत जाऊन मोजायचो. रसायनांचे ड्रम रांगेत उभे असायचे. माझे एक वरिष्ठ चालता चालता प्रत्येक ड्रमवर टिचकी मारायचे. एका युनिटमध्ये, नाव सोडा, पुढच्या दोन रांगा बद्द आणि मागच्या सगळ्या टणटण वाजल्या. कागदावर सगळे भरलेले होते.

शेअर घेणाऱ्या माणसाला टिचकी मारायची सोय नाही. त्यानं दिवस मोजायचे.

येणी भागिले वर्षाची विक्री गुणिले ३६५, हे झाले येण्यांचे दिवस. तसंच मालसाठ्याचं, तसंच देण्यांचं. मालसाठा आणि देणी विक्रीऐवजी खर्चाशी ताडून बघावीत असं काटेकोर लोक म्हणतात, बरोबरही आहे. पण जे काही धराल ते दरवर्षी तेच धरा. आपल्याला एका वर्षाचा आकडा नकोच आहे, पाच-सात वर्षांची चाल हवी आहे. नुसत्या रुपयांकडे बघितलं तर वाढत्या कंपनीचं सगळंच वाढताना दिसतं आणि काही कळत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. निवृत्तीनंतर मी एका कंपनीचे शेअर घेतले. आकडे सोपे करून सांगतो. तीन वर्षांत विक्री ४०० कोटींवरून ७०० कोटींवर गेली, नफा ३२ कोटींवरून ५६ कोटींवर. झकास! आणि येणी? ६६ कोटींवरून २११ कोटी. विक्री पाऊणपट वाढली, येणी तिपटीच्या वर गेली. दिवसांत मोजा : साठ दिवसांचे एकशे दहा दिवस झाले. आता खरी मेख ऐका. त्या तीन वर्षांचा नफा होता ४०, ४८ आणि ५६ कोटी. बेरीज १४४. येणी वाढली १४५ कोटींनी. म्हणजे तीन वर्षं कंपनीनं जे काही कमावलं ते सगळं, वर एक कोटी, ग्राहकांच्या खात्यावर लिहून ठेवलेलं होतं. पगार, मशिनरी, लाभांश, सगळं बँकेच्या पैशातून.

व्यवस्थापनाला विचारलं तर उत्तर काय? सरकारी कामं वाढलीत, सरकार पैसे बुडवत नाही. ते खरंच आहे, सरकार बुडवत नाही. थांबवतं. आणि थांबवलेल्या पैशावर व्याज आपण भरतो. चौथ्या वर्षी त्यातली मोठी रक्कम बुडीत म्हणून मांडली आणि माझे दोन तृतीयांश पैसे गेले. तीस वर्षं दुसऱ्यांची येणी तपासणारा माणूस मी! स्वतःचे पैसे घालताना फक्त नफ्याची ओळ वाचली.

तेव्हा नव्हती अशी एक सोय आता आहे, ती जरूर वापरा. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून कंपन्यांना वार्षिक अहवालात येण्यांचं वयवार कोष्टक द्यावं लागतं : सहा महिन्यांच्या आतली किती, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, आणि तीन वर्षांवरची किती. त्यात वादातली येणी वेगळी. ताळेबंदाच्या टिपांमध्ये हे असतं, साधारण कुणी उघडत नाही अशा पानांवर. दोन वर्षांची कोष्टकं शेजारी ठेवा. गेल्या वर्षी "एक ते दोन" मध्ये बसलेली रक्कम यंदा "दोन ते तीन" मध्ये सरकली असेल तर ते पैसे वसूल होत नाहीयेत, फक्त म्हातारे होतायत.

आता एक उलटं उदाहरण, आणि ते आपल्या ठाण्याचं. रेमंड. १९२५ साली ठाण्यात लोकरीची गिरणी म्हणून सुरुवात, पोखरण रोडवरचं जेकेग्राम सगळ्यांना माहीत आहे. कापडाच्या धंद्यात खेळतं भांडवल मोठं लागतं. लोकर घ्या, सूत काढा, विणा, रंगवा, नाना रंगांची तागं दुकानांत आधी पोचवा, आणि मग लग्नसराईत गिऱ्हाईक येणार. व्यापाऱ्याला उधारीही द्यावी लागते.

२०२०-२१ आठवा. टाळेबंदी, लग्नं पंचवीस-पन्नास माणसांत, ऑफिस घरून. सूट शिवणार कोण? कंपनीची विक्री साडेसहा हजार कोटींच्या आसपासवरून साडेतीन हजारांच्या आसपास आली. तोटा सुमारे ३०० कोटींचा. आता सांगा, कर्जाचं काय झालं असेल? वाढलं असेल असंच कुणीही म्हणेल. पण निव्वळ कर्ज साधारण साडेअठराशे कोटींवरून चौदाशे कोटींच्या आसपास उतरलं!

कसं? खर्च कापले हे आहेच. पण मोठी गोष्ट म्हणजे गोदामातला माल विकला आणि त्या जागी नवा तितका भरला नाही. जुनी उधारी वसूल होत गेली, नवी उधारी दिली गेली नाही कारण विक्रीच नव्हती. पोळीभाजीवाल्या ताईंची ऑर्डर बंद झाली की शेवटची तीन बिलं वसूल होतात आणि हातात एकदम पैसा दिसतो, तसं.

म्हणून मंडळी, खेळतं भांडवल कमी झालं की टाळ्या वाजवू नका आणि वाढलं की लगेच घाबरू नका. आधी विचारा, विक्रीचं काय झालं? विक्री पडल्यामुळे सुटलेला पैसा एकदाच सुटतो. तेच दुकान दोनदा रिकामं करता येत नाही. खरी परीक्षा पुढच्या वर्षी असते, विक्री परत आल्यावर गोदाम पुन्हा पूर्वीइतकंच फुगतं का, ही. रेमंडच्या बाबतीत २०२१-२२ मध्ये विक्री पुन्हा सहा हजार कोटींच्या पलीकडे गेली आणि निव्वळ कर्ज आणखी उतरून अकराशे कोटींच्या आसपास आलं. म्हणजे पूर्वीइतकाच धंदा आता कमी पैशात चालत होता. माझ्या मते बघण्यासारखं वर्ष हे दुसरं आहे. पहिलं वर्ष परिस्थितीनं घडवलं, दुसरं माणसांनी.

एक सावधगिरी. रेमंडचे जुने आकडे आजच्या आकड्यांशी थेट जोडू नका. ग्राहकोपयोगी वस्तूंचा धंदा २०२३ मध्ये गोदरेज कन्झ्युमरला विकला, कपड्यांचा धंदा वेगळा होऊन २०२४ मध्ये स्वतंत्र सूचिबद्ध झाला, बांधकामाचा २०२५ मध्ये. कंपनीची अशी वाटणी झाली की चाल तुटते, आणि वेबसाइटवरचा आलेख मात्र काही झालंच नाही असा सरळ पुढे जातो.

दुसरं उदाहरण वागळे इस्टेटचं. डी-मार्ट चालवणाऱ्या ॲव्हेन्यू सुपरमार्ट्सचं कॉर्पोरेट ऑफिस तिथे आहे. किराणा, रोखीचा धंदा, म्हणजे येणी जवळपास नाहीतच. २०२३-२४ मध्ये एकत्रित विक्री पन्नास हजार कोटींच्या वर आणि वर्षअखेरचा मालसाठा सुमारे ३,९०० कोटी. भागाकार केला तर साधारण २८ दिवस. म्हणजे आज दुकानात आलेली साबणाची वडी सरासरी महिन्याच्या आत बाहेर.

इतक्या मोठ्या खरेदीदारानं पुरवठादाराला दोन महिने थांबवलं तर? पुरवठादार थांबेल, न थांबून जातो कुठे. आणि मग खेळतं भांडवल शून्याच्या खाली, उणे होईल. माल विकून पैसे आले, द्यायचे मात्र नंतर. पुष्कळ विश्लेषक अशा कंपन्यांवर खूश असतात. पण डी-मार्ट पुरवठादारांचे पैसे आठवड्याभराच्या आसपास देऊन टाकते. त्यामुळे नुसतं देण्यांचं कोष्टक बघणाऱ्याला वाटेल, यांना उधारी मिळवता येत नाही की काय! वस्तुस्थिती उलटी आहे. रोख देणाऱ्याला माल स्वस्त मिळतो आणि वेळेवर मिळतो, ही आपल्या कल्याणच्या बाजार समितीत कुणालाही ठाऊक असलेली गोष्ट. ते स्वस्त घेतात म्हणून स्वस्त विकतात, स्वस्त विकतात म्हणून माल २८ दिवसांत हलतो. आकडा तोच, अर्थ धंद्यात शिरल्याशिवाय कळत नाही.

आता याच नाण्याची दुसरी बाजू, जी गुंतवणुकीच्या पुस्तकांत फारशी येत नाही. या सभागृहात एमआयडीसीत छोटा कारखाना चालवणारे काही जण नक्की असतील. हात वर नका करू. एखाद्या मोठ्या कंपनीचं निकालाचं सादरीकरण येतं, त्यात अभिमानानं लिहिलेलं असतं, "देण्यांचे दिवस ६० वरून ९५ वर नेले". शेअर वर जातो. ते पस्तीस दिवस आले कुठून? तुमच्या खिशातून. तुम्ही त्या पस्तीस दिवसांचं व्याज भरता, कामगारांना दिवाळीचं "पुढच्या आठवड्यात" सांगता. मी बँकेत असताना बंद पडलेली जी युनिट बघितली, त्यातली बरीच तोट्यात नव्हती. त्यांची बिलं अडकली होती.

आणि गुंतवणूकदाराच्या निव्वळ स्वार्थानंही याकडे बघायला हवं. देणी ताणून मिळवलेला पैसा टिकतो का? २०२३-२४ पासून आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच) लागू झालंय. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. ताळेबंदात सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात, त्यांचंही वयवार कोष्टक असतं. ते उघडा. देणी वाढतायत आणि त्यात जुनी देणी वाढतायत, तर मला त्यात वाटाघाटीची ताकद दिसत नाही, पैशांची चणचण दिसते.

शेवटची युक्ती ३१ मार्चची. ताळेबंद हा एका दिवसाचा फोटो असतो, आणि फोटोच्या दिवशी सगळेच भांग पाडून येतात. मार्चमध्ये वितरकांच्या गळ्यात माल मारायचा, विक्री दाखवायची. किंवा बिलं वटवून येणी कमी दाखवायची. पकडायचं कसं? व्याजाकडे बघा. समजा वर्षअखेर कर्ज १०० कोटी आहे आणि वर्षभराचं व्याज २४ कोटी. चोवीस टक्क्यांनी कोण कर्ज घेतं? याचा अर्थ वर्षभर कर्ज याहून पुष्कळ जास्त होतं, मार्चअखेरीला तेवढं उतरवलं. सप्टेंबरचा ताळेबंदही कंपन्या देतात, तो मार्चशेजारी ठेवून बघा.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे परत. समजा कंपनीची विक्री ४०० कोटी, खेळतं भांडवल बँकेच्या फूटपट्टीप्रमाणे विक्रीच्या २५ टक्के, निव्वळ नफा ८ टक्के. विक्री तीस टक्के वाढली, ५२० कोटी झाली. नफा साधारण साडेएकेचाळीस कोटी. वाढलेल्या १२० कोटींच्या विक्रीला खेळतं भांडवल लागलं ३० कोटी. उरले साडेअकरा. त्यात नवं मशीन घ्यायचंय, लाभांश द्यायचाय. कर्ज काढण्यावाचून गत्यंतर नाही, आणि इथे कुणीही काही लपवलेलं नाही. म्हणजे आजोबा, नफा वाढूनही कर्ज वाढणं हा गुन्हा नाही. दिवस तेच राहिले आणि विक्रीमुळे रुपये वाढले, तर ती वाढीची किंमत आहे. दिवसच वाढत चालले, तर मात्र माझ्या त्या कंपनीची गोष्ट आठवा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : बँकांच्या शेअरना हे लागू होतं का?

नाही. बँकेचा मालच पैसा आहे. बँका, वित्त कंपन्या, विमा कंपन्या यांना हा हिशेब लावू नका. बांधकाम कंपन्यांनाही जपून लावा. त्यांचा मालसाठा म्हणजे जमीन आणि अर्धवट इमारती, तो तीन-चार वर्षं राहणारच. तिथे बुकिंगचे किती पैसे प्रत्यक्ष जमा झाले ते विचारा.

प्रश्न : साखर कंपनीचा मालसाठा फार मोठा दिसतो. काळजीचं आहे का?

तारीख बघा. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, साखर विकली जाते वर्षभर. म्हणजे ३१ मार्चला गोदामं काठोकाठ असणारच. शेतकऱ्याला मात्र ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची असते. त्यामुळे कर्जही तेव्हाच शिखरावर असतं. साखरेच्या बाबतीत मार्चची तुलना मार्चशी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशीच करा. सप्टेंबरलाही गोदाम भरलेलं दिसलं तर मग विचारा.

प्रश्न : हे सगळं दर तिमाहीला करायचं? वेळ कुठे आहे?

तिमाहीला होणारच नाही, कारण ताळेबंद वर्षातून दोनदाच येतो, मार्च आणि सप्टेंबरच्या निकालांबरोबर. कॅश फ्लोही तेव्हाच. मी स्वतः वर्षातून एकदा, वार्षिक अहवाल आला की बसतो. एका कंपनीला पाऊण तास. एका वहीत पाच रकाने : विक्री, येण्यांचे दिवस, मालसाठ्याचे दिवस, देण्यांचे दिवस, आणि शेवटच्या रकान्यात धंद्यातून आलेली रोकड, जी कॅश फ्लोच्या पहिल्या भागाच्या तळाशी असते. ती नफ्याशी ताडून बघायची, एका वर्षाची नाही, पाच वर्षांची बेरीज करून. ज्यांच्याकडे चाळीस कंपन्यांचे शेअर आहेत त्यांना हे जमणार नाही हे मला मान्य आहे. माझ्याकडे आता नऊ आहेत.